कुत्रा आणि मांजर घेऊन शिडाच्या बोटीवर राहायचंय: बेलापूरहून निघण्याआधीची तयारी

प्रश्न असा आहे: सीवूड्सला राहणारं एक जोडपं, ३० फुटी शिडाची बोट सध्या बेलापूरच्या खाडीत. सोबत १८ किलोचा चार वर्षांचा गावठी कुत्रा आणि ४ किलोची मांजर. डिसेंबरमध्ये फ्लॅट भाड्याने देऊन बोटीवरच राहायला जायचं, कोकण किनाऱ्याने गोव्याला उतरायचं आणि पुढे लक्षद्वीप, मालदीव. प्राण्यांसाठी बोटीत काय बदल करायचे आणि त्यांची सवय कशी करायची?

आधी शेवटच्या मुक्कामाचं बोलू, कारण त्यावर बाकी सगळं ठरतं. मालदीवमध्ये कुत्रा आणायला बंदी आहे. लक्षद्वीप रेबीजमुक्त आहे आणि तिथेही कुत्रा नेता येत नाही. माणसांनासुद्धा प्रवेश परवाना लागतो. म्हणजे कुत्रा सोबत असेल तर हा बेत गोव्याच्या पुढे तसाच्या तसा चालणार नाही. गोव्यानंतर कारवार, मंगळुरू आणि कोची अशी किनाऱ्यालगतची वाट धरा. कोचीला बोलगट्टी बेटावर मरिना आहे, पाणी-वीज मिळते, चांगले पशुवैद्य मिळतात. बेटं बघायचीच असतील तर कुत्र्याला त्या काळात कोण सांभाळणार हे आत्ता घरच्यांशी बोलून ठरवा. कोचीला पोचल्यावर हा प्रश्न सुटत नाही.

आता मूळ मुद्दा. जनावर सोबत असताना रोज किती मैल जायचं हे शीड किंवा इंजिन ठरवत नाही, जनावर ठरवतं. आणि बहुतेकांना काळजी लाटांची वाटते, पण कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात लाटा हा सगळ्यात लहान प्रश्न असतो. ऊन, चिखल आणि शी-शू हे तीन खरे प्रश्न. त्यांची उत्तरं घरी असतानाच शोधावी लागतात.

सगळ्यात जास्त वेळ शी-शूच्या सवयीला लागतो, म्हणून ते आजच सुरू करा. सोसायटीखाली फिरायला शिकलेला कुत्रा बोटीच्या डेकला घराची फरशी समजतो आणि दाबून ठेवतो. चोवीस तास दाबून ठेवणारे कुत्रे असतात, आणि त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. प्लॅस्टिकच्या हिरव्या गवताच्या दोन चटया घ्या, साधारण ६० बाय ९० सेंटिमीटरच्या. पहिली चटई इमारतीखाली तो रोज जिथे जातो तिथेच टाका. त्याने त्यावर केलं की लगेच खाऊ द्या आणि दरवेळी एकच शब्द वापरा, ‘सू कर’ म्हणा किंवा काहीही, पण तोच. चटई धुऊ नका, फक्त निथळू द्या. तो वास हाच त्याचा पत्ता आहे. आठवड्याभराने चटई गेटपाशी, मग गच्चीवर, मग बाल्कनीत. बाल्कनीत सलग आठ दिवस जमलं की बोटीवर, तेही बोट बांधलेली असताना. या सगळ्याला तीन ते चार आठवडे जातात. घाई केली की कुत्रा एक पायरी मागे जातो आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. नर कुत्र्याला पाय वर करायला काहीतरी उभं लागतं. चटईवर पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली बांधून ठेवा, नाहीतर तो डोलकाठीचा पाया निवडेल. अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी आणि स्टीलचे बोल्ट जिथे एकत्र येतात तिथे मूत्र साचलं की गंज फार लवकर धरतो. बोटीवर चटईच्या कोपऱ्याला पितळी रिंग बसवून तीन मीटर दोरी बांधा. वापरून झाली की समुद्रात बुडवून हिसडायची. शी मात्र पिशवीत, खाडीत किंवा नांगरलेल्या ठिकाणी पाण्यात नाही.

मांजरीचं सोपं आहे, एक गोष्ट सोडून. गोळे धरणारी बेंटोनाइट मातीची लिटर बोटीवर आणू नका. ती सांडते, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या जागेत) जाते, पाण्याने फुगते आणि पंपाची जाळी बंद करते. बिल्ज पंप बंद पडलेला तुम्हाला पाणी फळीवर आल्यावरच कळेल. लाकडी भुशाच्या गोळ्या वापरा. भिजल्या तर त्यांचा भुसा होतो, चिखल होत नाही. ट्रेची कड किमान २० सेंटिमीटर उंच हवी आणि ट्रे वेल्क्रोने फळीला पक्का. बोट कलली आणि ट्रे एकदा सरकला की मांजर त्या ट्रेवर पुन्हा विश्वास ठेवत नाही आणि शीड ठेवायच्या पिशवीत जागा शोधते.

बोटीतले बदल फार नाहीत, पण नीट करा. कडेच्या लाइफलाइनच्या तारा साधारण ६० सेंटिमीटर उंच असतात आणि दोन तारांमधून १८ किलोचा कुत्रा सहज जातो. पुढच्या टोकापासून कॉकपिटपर्यंत (मागची, सुकाणूजवळची बसायची जागा) दोन्ही बाजूंना जाळी बांधा. ३० फुटी बोटीला १७-१८ मीटर लागेल. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळणारी एचडीपीईची, २५ ते ३० मिलिमीटर डोळ्याची जाळी घ्या. नायलॉन भिजल्यावर सैल पडतं, म्हणून नको. जाळी बांधताना लोक वरची तार घट्ट बांधतात आणि खालची कड सोडून देतात. बोट कलते तेव्हा कुत्रा घसरतो तो खालूनच. म्हणून खालची कड डेकच्या पट्टीला दर १५ सेंटिमीटरवर ३ मिलिमीटरच्या दोरीने बांधा. पुढच्या शिडाची दोरी जाळीच्या आतून फिरते की नाही हे बंदरातच दोन्ही बाजूंना ओढून बघा. उन्हाने जाळी कुजते. बोटांनी ओढून एखादा धागा तुटला की त्या मोसमातच बदला.

जाळी असली तरी चालत्या बोटीवर कुत्रा बांधलेलाच हवा. पट्टा गळ्यात नाही, छातीच्या हार्नेसला, आणि दोरी एक ते सव्वा मीटर. मोजायचं असं: दोरी डेकच्या मधल्या ओळीत जिथे अडकवता तिथून बोटीच्या कडेपर्यंत पोचली पाहिजे, कडेपलीकडे नाही. गळ्यातल्या पट्ट्याला लांब दोरी लावलेला कुत्रा कडेवरून पडला तर तो बुडत नाही, लटकतो. लाइफजॅकेट पाठीवर दोन मुठी असलेलं आणि पोटाखाली दोन रुंद पट्टे असलेलं घ्या. ते अंगावर चढवून कुत्र्याला मुठीने पूर्ण उचलून बघा. पुढचे पाय निसटत असतील तर ते माप चुकीचं. केबिनच्या जिन्यासाठी १२ मिलिमीटर मरीन प्लायची ३५ सेंटिमीटर रुंद उतरण करा, दर २० सेंटिमीटरला आडवी पट्टी आणि वर जुन्या गालिच्याचा तुकडा. कुत्रे जिना चढतात पण हलत्या जिन्यावरून उतरताना उडी मारतात, आणि पुढचा पाय मुरगळतो तो तिथे.

मांजरीला पहिले चार-पाच दिवस केबिनमध्येच ठेवा. मांजरी पडतात त्या चालत्या बोटीवरून क्वचित. रात्री बोट नांगरावर असताना, सगळे झोपलेले असताना, आवाज न करता पडतात. म्हणून अंधार पडल्यावर हॅच (छतावरची झडप) आणि दाराला जाळीचं झाकण, आणि बोटीच्या मागच्या कडेवरून पाण्यात हातभर बुडेल असा गालिच्याचा किंवा गोणपाटाचा जाड पट्टा कायम सोडलेला. फायबरच्या गुळगुळीत अंगावर नख रुतत नाही, पट्ट्यावर रुततं. दिवसा बोट बांधलेली असताना, शांत पाण्यात, एकदा तिला लाइफजॅकेट घालून तो पट्टा दाखवा, पुढचे पंजे त्यावर टेकवून वर चढू द्या. एकदा चढलेली मांजर जागा विसरत नाही. लांब दांड्याचं मासे काढायचं हातजाळं मागे टांगून ठेवा. आणि इंजिन चालू करायच्या आधी मांजर डोळ्यांनी बघायची, ‘असेल झोपली’ म्हणायचं नाही. इंजिनचा कप्पा उबदार असतो आणि इंजिनचा पट्टा फिरायला क्षणही लागत नाही.

उन्हाबद्दल जास्त लिहितो, कारण यात जीव जातो. कुत्र्याला पंजांशिवाय घाम येत नाही. तो धापा टाकून जिभेवरचं पाणी उडवतो आणि गार होतो. हवेत आर्द्रता ७५ टक्के असेल तर ते पाणी फारसं उडत नाही. म्हणून किनाऱ्यावरचे ३२ अंश हे पुण्याच्या ३८ अंशांपेक्षा त्याला जड जातात. केबिनमध्ये तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र लावा. सकाळी अकरा ते चार कुत्रा सावलीतच: कॉकपिटवर बिमिनी (कापडी छत), आणि नांगरल्यावर मोठ्या शिडाच्या आडव्या दांड्यावरून दोन्ही बाजूंना टाकलेली पांढरी ताडपत्री. डेकवर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवा. तुम्हाला सोसत नसेल तर पंजा भाजतो. प्रत्येकी ०.४ अँपिअरचे १२ व्होल्टचे दोन पंखे चोवीस तास चालले तर साधारण १९ अँपिअर-तास जातात. १०० वॉटचं सोलर पॅनेल सावली न पडता बसवलं तर हिवाळ्यातल्या कोकणात दिवसाला साधारण ३० देतं. म्हणजे पंख्यांपुरतं एक पॅनेल वेगळंच धरा, फ्रिजच्या हिशेबात मिसळू नका.

गुदद्वारातून मोजायचा डिजिटल थर्मामीटर बोटीवर हवाच. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९.२ सेल्सिअस. ३९.५ दिसलं की खेळ बंद, सावली, पंखा. हिरड्या गडद लाल, लाळ दोरीसारखी ताणलेली, पाय लटपटतात आणि तापमान ४०.५ च्या वर, म्हणजे उष्माघात. तेव्हा साधं पाणी पूर्ण अंगावर, पोटावर, जांघेत ओतत राहा आणि पंखा मारा. बर्फ शोधत वेळ घालवू नका. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो उष्णता कोंडतो. ३९.५ ला आल्यावर पाणी ओतणं थांबवा आणि जवळच्या बंदरात शिरून डॉक्टरकडे न्या. कुत्रा उठून शेपूट हलवत असला तरी न्या, कारण मूत्रपिंडावरचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसतो.

पाण्याचा हिशेब सरळ आहे. कुत्र्याला किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर, म्हणजे तुमच्या कुत्र्याला साधारण एक लिटर, गरमीत दोन. मांजरीला पाव लिटर. तुम्ही दोघं पिणं, स्वयंपाक, तोंड धुणं धरून काटकसरीने २० लिटर. कुत्र्याचे पाय आणि पोट रोज गोड्या पाण्याने धुवायला तीन लिटर; बागेतला पाच लिटरचा पंपाचा फवारा यासाठी उत्तम, बादलीने हेच काम दहा लिटर खातं. मीठ बोटांच्या बेचक्यात राहिलं की कुत्रा चाटतो, कातडी सोलते आणि पोटही बिघडतं. एकूण २५-२६ लिटर रोज, म्हणजे २०० लिटरची टाकी एका आठवड्याची. शिवाय २० लिटरचे दोन कॅन टाकीपासून वेगळे ठेवा. कोरडं खाद्य १५ किलोच्या पोत्यात ठेवू नका. समुद्रावर पोतं उघडलं की दमट हवेने बुरशी धरते, आणि ती बुरशी यकृताला घातक असते. घरीच एक-एक किलोच्या हवाबंद पिशव्या करून घट्ट झाकणाच्या पिंपात भरा. बंदरात कोणी प्रेमाने सुकट, सुके बोंबील दिले तर ते तुम्ही खा, जनावरांना नको. मीठ फार असतं.

आता वाट. मतलई वारा पहाटेपासून साधारण दहापर्यंत जमिनीकडून येतो, पाणी सपाट असतं. दुपारी वायव्येचा खारा वारा सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत वाढतो. दक्षिणेकडे जाताना दोन्ही तुमच्या कामाचे. उजाडताच नांगर उचला आणि दोन-अडीचच्या आत पुढच्या खाडीत टाका. पाच नॉटने (ताशी पाच सागरी मैल) तीसेक सागरी मैल होतात, आणि कोकणचे मुक्काम साधारण तेवढ्या किंवा त्याहून कमी अंतरावर आहेत: मांडवा, दिघी, हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण. जयगड आणि विजयदुर्ग आतून शांत, तिथे दोन दिवस विश्रांती घ्या. हर्णै वायव्येला उघडं आहे, संध्याकाळी बोट डोलते; मांजर जेवली नाही तर घाबरू नका. बाणकोट आणि दाभोळच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत, ओहोटीला आणि लाट असताना शिरू नका. मालवणला खडक आहेत; उजेडात आणि स्थानिक तांडेलाला विचारूनच आत जा. रात्री चालू नका. किनाऱ्यालगत जाळ्यांवर दिवे नसतात, आणि बोटीच्या इंजिनच्या पंख्यात जाळं अडकल्यावर अंधारात भुंकणारा कुत्रा सांभाळत कोणी पाण्यात उतरू नये.

बेलापूरहून निघताना दोन गोष्टी. वाशीच्या पुलांच्या वर, ठाण्याकडे, डोलकाठीची बोट जात नाही. तुम्ही त्यांच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला आहात हे बरंच आहे. पण अटल सेतू ओलांडावाच लागेल. जहाजांसाठी ठेवलेल्या गाळ्यातूनच जा आणि नकाशावरची उंची कोणत्या पाणपातळीपासून मोजली आहे ते वाचून डोलकाठी अधिक अँटेना असा हिशेब करा. ट्रॉम्बेचा बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) किनारा, जवाहर द्वीप आणि नौदलाचा भाग यांपासून लांब राहा. मुंबई बंदरात उधाणाला पाणी साडेचार मीटर आणि वर चढतं. ओहोटीला चार मीटर खोलीत नांगर टाकलात तर भरतीला साडेआठ, त्यात बोटीच्या नाळेची एक मीटर उंची. साडेनऊच्या पाचपट म्हणजे ४७-४८ मीटर साखळी. दक्षिणेला जाल तसा हा फरक कमी होतो.

कुत्र्याला किनाऱ्यावर नेणं हा रोजचा कार्यक्रम, आणि दुखापती तिथेच होतात. खाडीच्या चिखलात ओहोटीला उतरवू नका. वरून कोरडा दिसतो, आत पोटापर्यंत रुततो, आणि कालवांच्या कडा पंजा ब्लेडसारखा कापतात. भरतीला किंवा धक्क्यावरच उतरा. किनाऱ्यावर कोळी जाळी झाडतात तिथे केंड मासे पडलेले असतात. फुगलेला, काटेरी किंवा खरखरीत, सुकलेलाही. त्याचं विष सुकल्याने जात नाही आणि त्यावर उतारा नाही. कुत्र्याला बोटीवर यायच्या आधीच ‘सोड’ हा हुकूम पक्का शिकवा आणि जाळ्यांच्या आसपास तोंडाला जाळीदार मुसकं घाला. वेळास, आंजर्ले या भागात हिवाळ्यापासून कासवांची घरटी असतात. त्या किनाऱ्यांवर कुत्रा उतरवूच नका.

औषधांत एक धोका खास तुमच्यासाठी, कारण कुत्रा आणि मांजर एकाच केबिनमध्ये झोपणार. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. ते मांजरीला मारक आहे, नुसतं कुत्र्याला चाटलं किंवा अंगाला अंग घासलं तरी. कुत्र्याला तोंडाने द्यायची गोळी डॉक्टरकडून लिहून घ्या. मांजरीला पॅरासिटामॉल कधीच नाही, दोघांनाही आयब्युप्रोफेन नाही. बोट लागण्यावर मॅरोपिटंट चांगलं चालतं, निघण्याच्या दोन तास आधी, डोस वजनानुसार डॉक्टरांनी ठरवलेला. आणि निघायच्या आधी पोटभर जेवण नको. रेबीजबरोबर लेप्टोस्पायरोसिसची लस वेळेवर हवी, खाडीकाठी उंदीर असतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचा हात गायी-म्हशींवर बसलेला असतो, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी प्रत्येक औषधाचा डोस प्राण्याच्या वजनासह कागदावर लिहून दिलेला असू द्या. मायक्रोचिप, लसीचं पुस्तक, महापालिकेचा कुत्र्याचा परवाना आणि बोटीची कागदपत्रं एकाच जलरोधक पिशवीत.

जनावर पाण्यात पडलं तर तुमच्यापैकी एकाने बोट दाखवत त्याच्यावरची नजर हलवायची नाही. दुसऱ्याने पहिल्यांदा जीपीएसवर जागा टिपायची, तरंगणारी उशी फेकायची, मग वळायचं. इंजिन चालू करण्याआधी दोऱ्या पाण्यात नाहीत ना ते बघा. जवळ आल्यावर इंजिन न्यूट्रल. मागून उडी कोणीही मारायची नाही, दोनच माणसं असलेल्या बोटीवर तर मुळीच नाही. लाइफजॅकेटच्या मुठीत लांब दांड्याचा आकडा अडकवून बाजूने उचला. भरलेल्या पाण्याच्या कॅनला तेच लाइफजॅकेट घालून हा सराव मांडव्यासमोर दोघांनी आलटून पालटून करा, जोपर्यंत दोघांनाही एकट्याने जमत नाही तोपर्यंत. सागरी रेडिओवर व्हीएचएफ चॅनेल १६ ऐकत राहा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ कॉकपिटमध्ये लिहून चिकटवा.

परतीचा बेतही आत्ताच आखा. उत्तरेकडे येताना दुपारचा वायव्य वारा तोंडावर असतो, बोट आपटते, आणि मार्च-एप्रिलमध्ये ऊन दुप्पट. तेव्हा चालायचं ते फक्त पहाटेच्या मतलईवर, दहा-अकरापर्यंत. रोजचे वीसच मैल होतील आणि जाताना लागले त्यापेक्षा दीडपट दिवस लागतील. ते जनावरांना झेपणार नाही असं वाटलं तर एकाने मडगावहून कुत्र्या-मांजरीसह रेल्वेने यावं, फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे आरक्षित करून, आणि दुसऱ्याने अनुभवी खलाशी सोबत घेऊन बोट आणावी. काहीही झालं तरी मे संपायच्या आत बोट पाण्याबाहेर किंवा सुरक्षित खाडीत असली पाहिजे.